कोंबडीच्या खाद्यात बाजरी: भाव कुणाला, भार कुणावर

आग्रही: भाऊ, आपल्या जालना जिल्ह्यातली ब्रॉयलरची शेडं एकाच दाण्याच्या भरवशावर चालतात आणि त्या दाण्याने गेल्या काही वर्षांत काय काय दाखवलं ते आठवून बघा. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात दिसली, त्याच वर्षी महाराष्ट्रात आली आणि 2019च्या खरिपात मक्याचे पोंगे कुरतडून गेली. मका कडाडला. पाठोपाठ 2020च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली, कोंबडी मातीमोल झाली, आणि खाणारंच उरलं नाही म्हणून 1760 रुपये हमीभावाचा मका त्याच्या कितीतरी खाली गेला. 2023ला पाऊस रुसला. सरकारने पहिल्यांदा जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत आपल्या जिल्ह्यातले पाच होते, मक्याचं भोकरदनही होतं. त्याच डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने लगाम घातला आणि इथेनॉलवाले मक्याकडे वळले. पुढच्या महिन्यात मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे 71 रुपये 86 पैसे भाव ठरला. टनभर मक्यातून साधारण 380 लिटर निघतं, म्हणजे तो कारखाना मोंढ्यात उतरला की पोल्ट्रीवाल्याचं काय चालणार? जो देश मका बाहेर विकत होता, त्याने 2024 मध्ये म्यानमारचा आणि युक्रेनचा मका आणला. आणि इकडे आपल्याच शिवारात कमी पाण्यावर येणारी बाजरी आहे, ज्वारी आहे. कोंबडीच्या खाद्यात ती घालायला हरकत काय, एवढंच मला कुणीतरी नीट सांगावं.

साशंक: ताई, मक्याबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. हरकत सांगतो. ब्रॉयलर ही दारात दाणे टिपत फिरणारी गावरान कोंबडी नाही. 40 ग्रॅमचं पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचं होतं, तेही किलोभर वजनाला साधारण 1.6 किलो खाद्य खाऊन. एवढ्या थोड्या दिवसांत एवढी वाढ हवी तर प्रत्येक घासात ऊर्जा ठासून भरलेली लागते. भारतीय मानक ब्यूरोचं 2007चं मानक बघा: सुरुवातीच्या खाद्यात 23 टक्के प्रथिनं आणि किलोला 3,000 किलोकॅलरी, मधल्यात 22 टक्के आणि 3,100, शेवटच्या फिनिशरमध्ये 20 टक्के आणि 3,200. पिल्लू मोठं होतं तशी प्रथिनं उतरतात आणि ऊर्जा चढते. मका किलोला 3,300च्या आसपास ऊर्जा देतो, आणि भोकरदनचा असो की बिहारचा, आकडा फार हलत नाही. बाजरीचा आकडा मी जेवढ्या तक्त्यांत पाहिला तेवढा वेगळा सापडला, कुठे 2,700, कुठे 3,300. वाण वेगळा, जमीन वेगळी, दाणा भरला की नाही भरला ते वेगळं. खाद्याचं सूत्र बांधणाऱ्याने कोणता आकडा धरायचा? कमी धरला तर तेल जास्त घालून पैसे घालवतो, जास्त धरला तर पक्षी वजनाला मार खातो. तीनशे-चारशे किलोकॅलरीची चूक पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये तीन-चार दिवसांचा उशीर होऊन बाहेर येते. मला बाजरीशी वैर नाही. मला तिचा भरवसा वाटत नाही.

आग्रही: भरवसा हा दाण्याचा गुण आहे की आपण त्याच्यावर घेतलेल्या मेहनतीचा? मक्याचा आकडा स्थिर आहे याचं एक कारण असं की त्याच्यावर जगभर पन्नास-साठ वर्षं काम झालं. तपासणी झाली, वाण एकसारखे झाले, प्रतवारी ठरली. बाजरीचे पोषणातले गुण तर उघड आहेत. मक्यात प्रथिनं साडेआठ टक्क्यांच्या घरात, बाजरीत अकरा-बारापर्यंत, आणि लायसिनही मक्यापेक्षा जास्त. लायसिन हे ब्रॉयलरच्या छातीच्या मांसाला फार महत्त्वाचं अमिनो आम्ल. बाजरीत टॅनिनची भानगड नाही. दाणा बारीक, त्यामुळे थोड्या प्रमाणात तो न दळता सबंध दिला तरी पक्ष्याचा पोटा तो भरडतो, उलट त्याने पोटा चांगला तयार होतो. आणि बाजरी कोरड्या हवेत पिकते, सुकते, म्हणून साठवणीत तिला मक्याइतकी अफ्लाटॉक्सिनची बुरशी लागत नाही. ओला मका पोत्यात भरला तर आत काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

रंगाचं म्हणाल तर तीही अडचण आपल्याकडे फारशी नाही. मक्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे कोंबडीची कातडी पिवळी होते, बाजरी-ज्वारीवर वाढलेली फिकट दिसते. अमेरिकेत काही ठिकाणी गिऱ्हाईक पिवळी कातडी मागतं. आपल्याकडे दुकानदार कातडी सोलूनच मटणासारखे तुकडे करून देतो. अंड्याच्या बलकाला रंग हवा, म्हणून लेअरवाला मका सोडणार नाही. ब्रॉयलरवाल्याने त्या रंगात अडकायचं काही कारण नाही.

साशंक: रंगाचं मान्य केलं. पण बाजरीच्या गुणांत एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत, आणि ती मराठवाड्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. बाजरीचं पीठ कडू होतं. पाच टक्के स्निग्धांश आहे, दाणा फुटला की तो हवेने खवट होऊ लागतो. म्हणून बाई आठ-दहा दिवसांपुरतीच बाजरी दळून आणते. फीडमिलमध्ये भरडा तयार होतो, पोत्यात भरला जातो, ट्रकने जातो, शेडच्या कोपऱ्यात उन्हाळ्यात पडून राहतो. तेवढ्या वेळात तो काय होतो? तुम्ही म्हणाल गोळी बांधा, अँटिऑक्सिडंट घाला. घालतो. त्याचेही पैसे धरा.

ज्वारीचं तर वेगळंच आहे. टॅनिनवाल्या ज्वारीने प्रथिनं बांधली जातात, पक्षी खातो आणि विष्ठेत टाकतो. टॅनिन नसलेल्या ज्वारीतही कॅफिरिन नावाचं प्रथिन पिष्टमय कणांभोवती घट्ट बसतं, आणि ओल्या वाफेची उष्णता लागली की ते आणखी आवळतं. ऑस्ट्रेलियात ब्रॉयलरला वर्षानुवर्षं ज्वारी घालतात, आणि तिथलेच संशोधक एवढी ज्वारी घालूनही वाढ मक्यासारखी का येत नाही, याचा पिच्छा पुरवत आहेत.

आग्रही: पण ऑस्ट्रेलिया ज्वारी घालतंच ना! क्वीन्सलँडमध्ये ज्वारी पिकते म्हणून तिथला कोंबडीवाला ज्वारीशी जमवून घेतो. कॅनडा-युरोपमध्ये गहू आणि बार्ली पिकतात. ती धान्यं आतड्यात चिकट होतात, विष्ठा ओली होते, म्हणून त्यांनी खाद्यात एन्झाइम घालायला सुरुवात केली आणि प्रश्न सोडवला. जिथे जे पिकतं त्याच्यावर तिथल्या शास्त्राने मेहनत घेतली. आपण मात्र अमेरिकेच्या मका-सोयाबीनच्या सूत्रावर आपलं सगळं बसवलं.

टॅनिनबद्दलचा आपला समज तर बदलायलाच हवा. 1972च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली होती. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या भाकरीची चव अजून सांगतात. ती अमेरिकेत जनावरांना आणि कोंबड्यांना घालायची ज्वारी होती. रंगाने लाल, पण अमेरिकेतल्या त्या ज्वारीत टॅनिन जवळपास नसतं. टॅनिन दाण्याच्या सालीखालच्या एका थरात असतं, वरच्या रंगावरून ते ठरत नाही. आपली पांढऱ्या दाण्याची ज्वारी, शाळू असो की हायब्रीड, या बाबतीत स्वच्छ आहे. शंका असेल तर दाणे ब्लीच आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वीस मिनिटं ठेवा. टॅनिनचा दाणा काळा पडतो, बाकीचे पांढरे राहतात. ही तपासणी अडत्याच्या दुकानात होऊ शकते, तिला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि मी सगळा मका काढा असं म्हणतच नाही. पिल्लाच्या पहिल्या खाद्याला हात लावू नका. शेवटच्या दोन-अडीच आठवड्यांच्या फिनिशरमध्ये, जिथे पक्षी सगळ्यात जास्त खातो आणि आतडं तयार झालेलं असतं, तिथे मक्यातला तिसरा हिस्सा बाजरीने बदला. एवढंच.

साशंक: चला, मग एवढ्याचाच हिशोब करू. 100 किलो फिनिशरमध्ये 60 किलो मका धरा. त्यातला 20 किलो काढून बाजरी घातली. बाजरीत ऊर्जा किलोला 300 किलोकॅलरी कमी धरली, तर 6,000 किलोकॅलरीची भर तेलाने घालावी लागते, म्हणजे सुमारे 700 ग्रॅम तेल. उलट बाजरीतली जास्तीची प्रथिनं धरली तर सोयापेंड किलोभर कमी लागते. तेलाचा खर्च पेंडीच्या बचतीतून काही अंशी निघतो. आता दाण्याचा भाव. 2025-26चा हमीभाव मक्याला क्विंटलला 2,400, बाजरीला 2,775, हायब्रीड ज्वारीला 3,699, मालदांडीला 3,749. बाजरीत किलोमागे पावणेचार रुपये जास्त, 20 किलोला 75 रुपये. म्हणजे किलोभर फिनिशर 75 पैशांनी महागलं, तेलाचा फरक वेगळा. पक्षी फिनिशर पावणेदोन-दोन किलो खातो. पक्ष्यामागे सव्वा-दीड रुपया गेला. पाच हजारांच्या शेडला एका बॅचमागे सात हजार रुपये. ज्वारीचा हिशोब मी करतच नाही, तो सुरू होण्याआधीच संपतो.

आणि हे असं कधीपासून झालं तेही सांगतो. 2017-18 मध्ये मका आणि बाजरी दोघांचा हमीभाव नेमका सारखा होता, 1,425 रुपये. ज्वारी 1,700. त्याच्या आधीच्या काही वर्षांत तर बाजरी मक्यापेक्षा स्वस्त होती. 2018-19ला उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव असं सूत्र आलं आणि एका वर्षात बाजरी 1,950, ज्वारी 2,430, मका 1,700. मका एकरी जास्त उतरतो म्हणून क्विंटलमागे त्याचा खर्च कमी, बाजरीचा उतारा कमी म्हणून तिचा जास्त. दीडपट केलं की अंतर वाढणारच. 2023ला जगाने भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, बाजरीची बिस्किटं झाली, ज्वारीचे नूडल्स झाले. शेतकऱ्याला भाव मिळावा ही आपली दोघांची इच्छा आहे. पण माणसाच्या ताटात महाग झालेला दाणा कोंबडीच्या भांड्यात स्वस्त कसा पडेल?

आग्रही: हमीभाव कागदावरचा आणि मोंढ्यातला भाव वेगळा, हे तुम्हाला मी काय सांगावं? बाजरीची सरकारी खरेदी आपल्याकडे नावापुरती होते. आवक वाढली की व्यापारी सांगेल तो भाव. बरं, तुमची फीडमिल तरी हिशोब कसा करते? कमीत कमी खर्चाचं सूत्र संगणक काढतो. त्याला मका, तांदळाची कणी, गहू, पेंड, तेल यांचे भाव आणि पृथक्करण दिलेलं असतं. बाजरी त्या यादीतच नसते. यादीत का नाही, तर एकसारखा माल टनावारी मिळत नाही. माल का मिळत नाही, तर घेणारा कुणी नाही म्हणून शेतकरी दोन-दोन पोती आणतो आणि अडत्या पाच गावची बाजरी एकाच ढिगात ओततो. 2005 साली इक्रिसॅट या संशोधन संस्थेने याच गाठीला हात घातला होता. भारत, चीन आणि थायलंड या तीन देशांत ज्वारी-बाजरी कोंबडीखाद्यापर्यंत पोचवण्याचा प्रकल्प होता, भारतात तो आंध्रात आणि महाराष्ट्रात चालला. त्यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं, माल एका जागी साठवला, फीडमिलवाल्यांना समोर बसवलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की दाण्याच्या संशोधन संस्थेला गोदामापासून सुरुवात करावी लागली. आज आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, पोकरासारख्या सरकारी योजनांतून गोदामं, चाळण्या मिळाल्या आहेत. तेव्हा जे अवघड होतं ते आज निम्मं सोपं आहे.

इथे लेखक म्हणून मला एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते. वरच्या सगळ्या बोलण्यात शेडचा मालक खाद्य निवडतो असं गृहीत धरलंय. आपल्याकडच्या बहुतेक ब्रॉयलर शेडांत तसं घडत नाही. करार पद्धतीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, तूस, मजुरी आणि रात्रीची जाग शेतकऱ्याची. त्याला किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो. खाद्य आणि वजन यांचं गुणोत्तर, म्हणजे एफसीआर, बिघडलं की त्यात कपात होते. पोत्यात काय आहे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, आणि पोत्यातल्या चुकीची झळ मात्र पहिली त्यालाच लागते. हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं बोलणं अर्धवट कळेल.

साशंक: हेच मी म्हणणार होतो. सुपरवायझर आठवड्याला येतो, वजन घेतो, मरतुक मोजतो. उद्या कंपनीने फिनिशरमध्ये बाजरी घातली आणि पक्षी पन्नास ग्रॅम मागे राहिला, तर शेतकऱ्याच्या कागदावर एफसीआर वाढलेला दिसेल. तो म्हणेल खाद्य बदललं, कंपनी म्हणेल तुझं व्यवस्थापन ढिलं. तुमच्या प्रयोगाची परीक्षा त्या बिचाऱ्याच्या चार पैशांवर होईल. म्हणून मी जो भरवसा म्हणतो, तो शास्त्राचा हट्ट नाही. एकसारखा दाणा म्हणजे त्या माणसाचं संरक्षण आहे.

शिवाय आता एक नवा गडी आलाय. मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो डीडीजीएस. टनाला जवळपास 300 किलो. प्रथिनं पंचवीस-तीस टक्के, भाव पेंडीपेक्षा पुष्कळ कमी. फीडमिलवाल्यांनी तो उचलला आणि सोयापेंडीचा उठाव पडला. आपल्या जिल्ह्यातल्या सोयाबीनवाल्याला त्याचा चटका बसला, 2024-25ला 4,892 रुपये हमीभाव असताना मोंढ्यात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं. आता बघा, तुमच्या बाजरीचा मोठा गुण काय? मक्यापेक्षा जास्त प्रथिनं. आणि प्रथिनंच आज स्वस्त झाली. ऊर्जा महाग, प्रथिनं स्वस्त, अशा दिवसांत कमी ऊर्जेचा, जास्त प्रथिनांचा दाणा संगणक कशाला उचलेल?

आग्रही: डीडीजीएसचा हा मुद्दा मला टोचला, कारण तो खरा आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघा. मक्यातलं अफ्लाटॉक्सिन इथेनॉलमध्ये जात नाही, चोथ्यात उरतं, आणि दाण्याचा एक तृतीयांशच उरल्यामुळे जवळपास तिप्पट दाट होतं. खाद्यातली मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम. ओल्या मक्याचा चोथा घालून ती कशी सांभाळणार? पक्ष्याचं यकृत बिघडतं, लस दिली तरी प्रतिकारशक्ती धरत नाही, आणि दोष पुन्हा शेतकऱ्याच्या व्यवस्थापनाला. म्हणजे तुमचा एकसारखा, भरवशाचा मका आता त्या चोथ्याच्या वाटेने बेभरवशाचा झाला की नाही?

आणि मी आता माझा आग्रह थोडा बदलते. चांगली भाकरीची ज्वारी, शाळू, मालदांडी, ही मी मागणारच नाही. मंठा-परतूरच्या काळ्या रानातला तो दाणा माणसाच्या पोटात जावा. मी खरिपातली ज्वारी मागते. हायब्रीड ज्वारी 1964च्या सीएसएच-1 पासून आपल्याकडे पसरली, ती सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीला येते आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस गाठतो. दाणा काळा पडतो, भाकरीला कुणी घेत नाही, अडत्या पाडून मागतो. म्हणूनच लोकांनी खरीप ज्वारी सोडून सोयाबीन आणि कपाशी धरली. या काळ्या दाण्याला कोंबडीच्या खाद्यात जागा मिळाली, तर खरिपात एक कमी खर्चाचं, सोयाबीनशी फेरपालटीचं पीक परत येईल. दुसरं, जालना हे बियाण्यांचं गाव. 1964 साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको सुरू केली तेव्हापासून हा जिल्हा देशाला बी पुरवतो. ज्वारी-बाजरीच्या बियाण्याला 75 टक्के, संकरित मक्याला 90 टक्के उगवण लागते. तेवढी भरली नाही की तो लॉट बी म्हणून विकता येत नाही. पण उगवण कमी असलेला दाणा खायला वाईट नसतो. तो स्वच्छ असतो, एका वाणाचा असतो, ओल मोजलेली असते. तुम्हाला जे एकसारखेपण हवं, ते इथे तयार आहे.

साशंक: थांबा, इथे मी हात जोडून सांगतो. बियाण्याचा दाणा खाद्यात घेताना एकच प्रश्न शंभर वेळा विचारायचा: याला औषध लागलंय का? बीजप्रक्रियेत थायरम वापरतात, आणि थायरम हे कोंबडीच्या पायाचं नेमकं विष आहे. अगदी थोडं पोटात गेलं तरी वाढत्या पिल्लाच्या नडगीच्या हाडाचं टोक कूर्चेचंच राहतं, हाड धरत नाही, पक्षी बसतो तो उठत नाही. संशोधक हा रोग मुद्दाम घडवून अभ्यासायचा असला तर थायरमच खाऊ घालतात. गुलाबी-लाल रंग दिलेला दाणा ओळखू येतो. पण धुऊन, भरड करून, दुसऱ्या मालात मिसळून आला तर? प्रक्रिया होण्याआधी बाजूला काढलेला लॉट, त्याचा कागद, त्याची साखळी असेल तर मी विचार करेन. मोंढ्यातून फिरून आलेला असेल तर फुकट दिला तरी नको. बाजरीत अर्गटही बघावं लागेल, पावसात फुलोरा सापडला की कणसाला चिकटा येतो आणि दाण्याच्या जागी काळी गाठ धरते, ती विषारी.

काळ्या ज्वारीचं मात्र तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं. काळी पडलेली ज्वारी दिसते तितकी विषारी असतेच असं नाही. बुरशी बहुतेक वरच्या सालीवर असते, आणि त्यातलं फ्युमोनिसिन घोड्याला, डुकराला जितकं बाधतं तितकं कोंबडीला बाधत नाही. पण तपासल्याशिवाय कुणी बोलू नये, आणि प्रत्येक ट्रक तपासायला हवा. शिवाय तिच्यावर डोळा ठेवणारे तुम्ही पहिले नाही. 2007 साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान देऊ केलं, तेव्हाही ज्वारी-बाजरीवाल्या शेतकऱ्याला भाव मिळेल असंच सांगितलं होतं. वादळ उठलं, योजना गुंडाळली गेली, कारखाने राहिले, ज्वारीचं क्षेत्र मात्र घटतच गेलं. खराब धान्याला गिऱ्हाईक तयार करून ते धान्य पेरणाऱ्याचं भलं होतं, हा हिशोब एकदा चुकलेला आहे.

आग्रही: तो का चुकला ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

साशंक: कारण खराब धान्याचं गिऱ्हाईक भाव वर नेत नाही. ते फक्त भाव अगदी तळाला जाऊ देत नाही. मका 24 रुपये असेल तर काळ्या ज्वारीला फीडमिल जास्तीत जास्त 22 देईल. मका 18ला आला की तिला 16. कोंबडीवाल्यासाठी पर्यायी दाण्याचं मोल मक्याच्या आधारानेच ठरणार, आणि मक्यापेक्षा नेहमी थोडं खालीच. म्हणजे तुम्ही शेतकऱ्याला सांगताय की मक्याच्या निम्म्या-पाऊण उताऱ्याचं पीक घे आणि मक्यापेक्षा कमी भावाने विक. पाऊस बरा झाला तर तो मकाच लावेल. आणि ज्याचं शेत आहे त्याचीच शेड असेल, तर तो सकाळी दाणा महाग व्हावा म्हणेल आणि संध्याकाळी खाद्य स्वस्त व्हावं म्हणेल. आपल्या जिल्ह्यात असे लोक आहेत, ताई.

आग्रही: पाऊस बरा झाला तर, असं तुम्हीच म्हणालात. नाही झाला तर? 2023सारख्या साली मक्याला तुरा येताना एक पाणी चुकलं की कणीस भरत नाही, आणि बाजरी त्याच रानात काहीतरी देऊन जाते. मी दर वर्षाच्या नफ्याचं बोलत नाही, पाच वर्षांतल्या दोन वाईट वर्षांचं बोलते. त्या दोन वर्षांत मका महाग असतो, म्हणजे तुमच्याच हिशोबाने काळ्या ज्वारीलाही बरा भाव असतो. फीडमिलने ती वर्षं येण्याआधीच बाजरी-ज्वारीचं पृथक्करण करून ठेवलं, सूत्र बांधून ठेवलं, दोन शेडांत वजनं घेऊन ठेवली, तर मका आटल्यावर धावाधाव होणार नाही. करारात एक ओळ घाला: ज्या बॅचला दाणा बदललेला असेल, तिला एफसीआरची कपात लागू नाही. मग शेतकऱ्याच्या चार पैशांवर परीक्षा होणार नाही, परीक्षा घेणाऱ्याच्या खर्चाने होईल.

साशंक: ही ओळ जर करारात आली, तर मी उद्या माझ्या हाताने 20 टक्क्यांचं सूत्र बांधून देतो. पण फक्त वाईट वर्षी लागणारा दाणा चांगल्या वर्षी कोण पेरणार? तो दर वर्षी थोडा तरी रानात असला, तरच वाईट वर्षी हाताशी येईल. आणि चांगल्या वर्षी त्याचा मक्याशी असलेला फरक भरून कोण देणार? कंपनी देणार नाही. सरकारने भावफरक दिला तर तो हमीभावाच्या धान्याला देईल, काळ्या ज्वारीला नाही. कोंबडी खाणारा देईल का किलोला दोन रुपये जास्त, बाजरीवर वाढली म्हणून?

आग्रही: शहरातलं थोडं गिऱ्हाईक देईल, पण त्याच्या जोरावर तालुका उभा राहत नाही, हे मला कळतं. मला उत्तर कडब्यात दिसतं. शाळू आजही टिकून आहे तो बऱ्याच अंशी कडब्याच्या पेंढीसाठी. खरिपात ज्याच्या दावणीला दोन गाई आहेत, त्याने ज्वारी वैरणीसाठी पेरायची. दाणा पांढरा निघाला तर भाकरीला, काळा पडला तर तपासून कोंबडीला. मग दाण्याला मक्यापेक्षा दोन रुपये कमी मिळाले तरी पीक तोट्यात जात नाही.

साशंक: खरिपातल्या हायब्रीडचा कडबा गाय शाळूसारखा खाते का? ठेंगणं ताट, जाड धांडा, त्यावर पाऊस पडून तोही काळा. दाणा आणि कडबा दोन्ही देणारी खरिपाची जात आपल्या रानात आधी किती लोक लावून बघतात ते कळू द्या. परभणीच्या विद्यापीठाकडे जाती आहेत, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. दोन हंगाम दाण्याचं वजन आणि गाईने उरवलेल्या बुडख्यांचं वजन, दोन्ही लिहून ठेवा.

आग्रही: लिहून ठेवते. आणि करारातली ती ओळ?

साशंक: ती मागायला शेडवाले एकत्र यावे लागतील. माझ्या एकट्याच्या सहीने ती येणार नाही.